लावणी : संहिता, सादरीकरण आणि समीक्षेची जबाबदारी

सारांश

मराठी शाहिरी वाङ्मयाच्या अभ्यासात लावणीचा विचार प्रामुख्याने काव्यप्रकार म्हणून झाला. तिचा कर्ता, तिचा छंद, तिच्यातील शृंगार आणि तिची भाषा यांवर अभ्यासकांनी भर दिला. पुढे समाजशास्त्रीय अभ्यासाने जात, लैंगिकता आणि श्रम यांच्या संदर्भात लावणीकडे पाहिले. या दोन्ही दृष्टिकोनांच्या मध्ये लावणी प्रत्यक्ष गाणाऱ्या आणि नाचणाऱ्या स्त्रीचे कलाज्ञान मात्र बरेचसे दुर्लक्षित राहिले. प्रस्तुत निबंधात लावणीच्या सांस्कृतिक व ऐतिहासिक पार्श्वभूमीचा मागोवा घेऊन, संहिता, सादरीकरण आणि उपजीविका यांचा एकत्रित विचार केल्याशिवाय लावणीची समीक्षा पूर्ण होऊ शकत नाही, अशी मांडणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : लावणी, तमाशा, संगीत बारी, अदा, दौलतजादा, शाहिरी वाङ्मय.

प्रास्ताविक

पदवी व पदव्युत्तर स्तरावरील मराठीच्या अभ्यासक्रमांत शाहिरी वाङ्मयाला दीर्घकाळ स्थान मिळाले आहे. पोवाडा आणि लावणी हे दोन प्रकार त्यात जोडीने शिकवले जातात. मात्र या जोडीतील दोघांना मिळणारी वागणूक सारखी नसते. पोवाडा शिकवताना अध्यापकाचा आवाज चढतो, तर लावणी शिकवताना तो थोडा खाली येतो. शृंगारिक कडव्यांचा अर्थ 'सूचक' या एका शब्दात आटोपून आपण अलंकारांकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक वर्गात एका लावणीतील ध्रुवपदाचा अर्थ सांगत असताना मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, ही बसून म्हणायची लावणी आहे. ही ओळ चार वेळा येते आणि चारही वेळा तिचा अर्थ वेगळा होतो." एवढे बोलून ती गप्प झाली. हे ज्ञान तिला कोठून मिळाले, हे विचारण्याचे धैर्य प्रस्तुत लेखकाला झाले नाही आणि सर्वांसमक्ष विचारणे उचितही नव्हते. परंतु फळ्यावर लिहिलेला एकमेव अर्थ त्या दिवशी अपुरा वाटला, हे मान्य केले पाहिजे. तो अपुरेपणा हेच प्रस्तुत निबंधाचे निमित्त आहे.

१. ऐतिहासिक पार्श्वभूमी

'लावणी' या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी अभ्यासकांमध्ये एकमत नाही. शेतातील रोपांच्या लावणीशी, 'लावण्य' या शब्दाशी, तसेच 'लापनिका' या जुन्या संज्ञेशी तिचा संबंध जोडण्यात आला आहे. व्युत्पत्ती कोणतीही स्वीकारली तरी उत्तर पेशवाईत, विशेषतः दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत (१७९६ ते १८१८), लावणीला मोठा बहर आला, याविषयी दुमत नाही. अनंत फंदी, रामजोशी, प्रभाकर, होनाजी बाळा, सगनभाऊ आणि परशराम ही नावे या काळाशी निगडित आहेत.

या नामावलीकडे सामाजिक दृष्टीने पाहिले असता एक बाब ठळकपणे जाणवते. अनंत फंदी, रामजोशी व प्रभाकर हे ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम शिंपी, तर सगनभाऊ मुसलमान. निरनिराळ्या जाती-धर्मांतील माणसे एकाच काव्यप्रकारात रचना करीत होती आणि कलगी-तुऱ्याच्या सवाल-जबाबांत एकमेकांना आव्हान देत होती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील मराठी समाजात अशी समान भूमी फारशी आढळत नाही. म्हणूनच लावणीचा उल्लेख अनेकदा 'सर्व समाजाची कला' असा केला जातो.

हे विधान रचनाकारांपुरते खरे आहे. सादर करणाऱ्यांचा विचार केला की चित्र पालटते. दरबारात नाचणाऱ्या कलावंतिणी होत्या. पेशवेकालीन व्यवस्थेत खरेदी-विक्री होणाऱ्या कुणबिणी होत्या आणि नाटकशाळाही होत्या. तमाशाच्या फडात स्त्रीची भूमिका दीर्घकाळ 'नाच्या पोऱ्या' करीत असे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून स्त्रिया तमाशाच्या बोर्डावर ठळकपणे दिसू लागल्या. ढोलकी फडाच्या तमाशात महार व मांग समाजांतील कलावंत, तर संगीत बारीत प्रामुख्याने कोल्हाटी व तत्सम समाजांतील स्त्रिया, अशी विभागणी स्थिर होत गेली. रचना कोणीही करावी, परंतु पायात चाळ मात्र ठरावीक घरांतील मुलींनीच बांधावेत, असा हा अलिखित नियम होता. लावणीच्या इतिहासातील ही विषमता कवींच्या चरित्रांत दिसत नाही, कारण चरित्रे कवींचीच लिहिली गेली.

पठ्ठे बापूरावांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १८६६ मध्ये जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे रेठरे हरणाक्ष येथील ब्राह्मण घराण्यातील. जातीचा रोष पत्करून ते तमाशात आले. त्यांची सहकलावंत पवळा ही महार समाजातील. बापूरावांच्या त्यागाच्या कथा मराठी वाचकाला परिचित आहेत आणि त्या त्यागाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ब्राह्मण पुरुष तमाशात आला तेव्हा त्याने काहीतरी सोडले, असे इतिहास नोंदवतो. पवळेने त्याच बोर्डावर काय निर्माण केले, हे सांगताना मात्र तोच इतिहास तिच्या रूपाच्या वर्णनाशी थांबतो.

२. लावणी-समीक्षेची वाटचाल

मराठीत लावणीचा गंभीर अभ्यास झाला नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. य. न. केळकर यांनी अप्रकाशित लावण्यांचा कष्टपूर्वक शोध घेतला. त्यांच्या संग्रहाचे 'अंधारातील लावण्या' हे नावच त्या उपेक्षेची जाणीव देते. म. वा. धोंड यांच्या 'मऱ्हाटी लावणी' (१९५६) या ग्रंथाने लावणीच्या रूपाविषयीचे अनेक सैल समज तपासले. गंगाधर मोरजे यांनी लावणी वाङ्मयाचा विस्तृत अभ्यास सिद्ध केला. या अभ्यासकांनी लावणीला वाङ्मयेतिहासात सन्मानाची जागा मिळवून दिली.

तथापि या समीक्षेची काही गृहीतके आज तपासून पाहणे आवश्यक वाटते. पहिले गृहीतक असे की, लावणी म्हणजे तिची लिखित संहिता. दुसरे असे की, शृंगाराकडून अध्यात्माकडे होणारा कवीचा प्रवास हा उन्नतीचा प्रवास होय. रामजोशी उत्तरायुष्यात कीर्तनाकडे वळले आणि मोरोपंतांच्या आर्या त्यांनी लोकांपर्यंत नेल्या, ही हकिकत वाङ्मयेतिहासांत बहुधा 'उद्धार' या सुरात सांगितली जाते. १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी' या चित्रपटानेही हे चरित्र घरोघरी पोहोचवले. वस्तुतः डफ व तुणतुण्याच्या साथीने फडात जे कौशल्य कमावले, तेच या कवीने कीर्तनात नेले, असेही म्हणता येईल. श्रोत्याला जागेवर खिळवून ठेवण्याची विद्या त्याने तमाशात संपादन केली होती. 'उद्धार' या शब्दाने ते ऋण पुसले जाते.

तिसरे गृहीतक सर्वांत महत्त्वाचे आहे. बहुसंख्य शृंगारिक लावण्यांत बोलणारा 'मी' स्त्रीचा असतो, तर रचणारा पुरुष असतो. समीक्षेने या स्त्रीमुखी उद्गाराला कधी स्त्रीमनाचा आविष्कार मानले, तर कधी पुरुषी कल्पनाविलास ठरवले. या दोन्ही निर्णयांत केवळ कवी आणि कागद एवढ्यांचाच विचार होतो. तेच शब्द नाच्या पोऱ्याने उच्चारले, कलावंतिणीने दरबारात उच्चारले आणि संगीत बारीतील स्त्रीने समोरच्या धनिकाच्या डोळ्यांत पाहून उच्चारले, तर त्यांचा अर्थ एकच राहतो काय, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही.

या परंपरेला पहिला मोठा छेद समाजशास्त्राने दिला. शर्मिला रेगे यांनी १९९५ मधील आपल्या निबंधात लावणी कलावंत स्त्रियांच्या लैंगिकतेवर जातिव्यवस्थेने मिळवलेल्या वर्चस्वाची चिकित्सा केली. शैलजा पाईक यांच्या 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' (२०२२) या ग्रंथाने 'अश्लील' ही संज्ञाच जातीच्या इतिहासातून कशी घडते, हे तमाशातील दलित स्त्रियांच्या संदर्भात दाखवून दिले. त्यापूर्वी किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनाने 'चिरा उतरवणे' या प्रथेमागील व्यवहार आणि कलावंतिणीच्या मुलाची होरपळ मराठी वाचकांसमोर मांडली होती. या लेखनानंतर लावणीच्या 'मोहक' इतिहासात निर्धास्तपणे रमणे शक्य राहिले नाही.

३. सादरीकरणाचे शास्त्र

शोषणाची चिकित्सा अपरिहार्य आहे. परंतु कलावंत स्त्रीकडे केवळ शोषित म्हणून पाहिल्यास तिच्या कलेचा विचार पुन्हा एकदा बाजूला पडतो. म्हणून सादरीकरणाकडे वळणे अगत्याचे आहे.

ढोलकी फडाचा तमाशा आणि संगीत बारी हे दोन भिन्न प्रकार होत. फडाच्या तमाशात गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग असा क्रम असतो. ढोलकी, हलगी, तुणतुणे व झांज यांचा साज असतो. मागे उभे राहणारे झीलकरी वरच्या पट्टीत सूर धरतात, आणि सोंगाड्या हजरजबाबीपणाने प्रसंग खेळवतो. फड गावोगावच्या यात्रांत फिरतो. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे यात्रांच्या हंगामापूर्वी फडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि गावकरी तेथे येऊन सुपारी देतात. संगीत बारी मात्र थिएटरात किंवा कला केंद्रात स्थिरावलेली असते. 'बारी' म्हणजे पाळी. स्त्रियांच्या निरनिराळ्या पार्ट्या आपापल्या पाळीने सादरीकरण करतात. तेथे वग नसतो. पेटी, तबला आणि ढोलकी यांच्या साथीने गायन, नृत्य व अदा हेच सर्वस्व असते. चौफुला, जामखेड, मोडनिंब ही गावे या कलेच्या भूगोलातील महत्त्वाची ठिकाणे होत.

बैठकीची लावणी हा या परंपरेतील सर्वांत सूक्ष्म प्रकार. गायिका बसून गाते. पायांना वाव नसल्याने चेहरा, मान, मनगट, बोटे आणि पदर यांवर सर्व भार येतो. ध्रुवपदाची ओळ ती पुनःपुन्हा घेते. एकदा ती तक्रार असते, एकदा लाडिक हट्ट, एकदा उपहास, तर एकदा केवळ थकवा. शब्द तेच राहतात. स्वराची जागा, एखाद्या अक्षरावरील थांबा आणि नजरेची दिशा बदलते. ठुमरीतील बोल-बनावाशी या पद्धतीचे नाते जाणवते. मात्र लावणीची भाषा अधिक रोखठोक असल्याने अदेचे काम येथे वेगळे होते. ठुमरीत अदा अव्यक्ताला व्यक्त करते, तर लावणीत पुष्कळदा उघड बोललेल्या शब्दाला ती पुन्हा झाकते. कागदावर भडक वाटणारे कडवे बैठकीत संयत वाटते आणि साधी ओळ धारदार होते, याचे कारण येथे आहे. सत्यभामाबाई पंढरपूरकर आणि यमुनाबाई वाईकर यांची नावे या कलेच्या संदर्भात आदराने घेतली जातात, ती याच सिद्धीमुळे.

सादरीकरणाची आर्थिक बाजूही त्याच्या रूपाबाहेरची नाही. संगीत बारीत प्रेक्षक पैसे देतो, त्यास दौलतजादा म्हणतात. पैसा आला की गाणे थांबते, देणाऱ्याचे नाव घेतले जाते, फर्माईश होते आणि गाणे पुन्हा सुरू होते. सभागृहातील रसिकाला हा रसभंग वाटेल. बारीत मात्र हा खंड धरूनच लावणीची घडण होते. कोणती ओळ कोणाकडे पाहून म्हणावी, किती वेळ ताणावी, कोणाला झुलवत ठेवावे आणि कोणाला चारचौघांत हसण्याचा विषय करावे, याचे निर्णय कलावंत त्या क्षणी घेते. पुरुषाने लिहिलेला स्त्रीचा 'मी' येथे तिच्या हाती येतो. जो ऐकवून घेण्यासाठी पैसे टाकतो, त्यालाच ती त्याच्या शब्दांत ऐकवते. अर्थात या स्वातंत्र्याची मर्यादा विसरता कामा नये. लावणी संपल्यावर तीच स्त्री त्याच व्यवस्थेत परत जाते. परंतु मर्यादित स्वातंत्र्यातून घडलेली कला ही कला नव्हे, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

४. शुद्धीकरण : शासन, चळवळ आणि चित्रपट

विसाव्या शतकात लावणीला 'स्वच्छ' करण्याचे प्रयत्न अनेक दिशांनी झाले. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत तत्कालीन मुंबई राज्याच्या शासनाने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर निर्बंध आणले आणि पुढे सुधारणेच्या अटींवर त्याला वाट मोकळी करून दिली. संहितेची तपासणी हा या सुधारणेचा मुख्य मार्ग होता. येथेही शासनाने समीक्षेचेच गृहीतक स्वीकारल्याचे दिसते. अश्लीलता असलीच तर ती कागदावर असते, अशी ही समजूत होती.

परिवर्तनवादी चळवळींचा व्यवहार अधिक गुंतागुंतीचा होता. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात ब्राह्मण्यविरोधी आशय भरला. आंबेडकरी जलशांनी तो पुढे नेला. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकाच्या माध्यमातून अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लोकनाट्याला कामगारांच्या लढ्याशी जोडले. अण्णा भाऊंनी गणाचा आशय बदलला आणि गवळण वगळली. हे बदल मोलाचे होते. परंतु या नव्या मंचावर पूर्वीच्या नाचणाऱ्या स्त्रीला जवळजवळ जागा उरली नाही. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेली मदत, ती दलित स्त्रियांना नाचवून मिळवलेली असल्याने, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाकारली, असा प्रसंग सांगितला जातो. त्यामागील भूमिका कलेच्या तिरस्काराची नव्हती. माणूस म्हणून प्रतिष्ठा मिळवायची तर अप्रतिष्ठेच्या कामातून बाहेर पडावे लागेल, अशी ती भूमिका होती. या भूमिकेचे नैतिक बळ निर्विवाद आहे. तरीही ज्या स्त्रीला बाहेर पडण्याची वाट मिळाली नाही, तिच्या कलेचे काय, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

चित्रपट आणि ध्वनिमुद्रिका यांनी तिसऱ्या प्रकारचे शुद्धीकरण केले. त्यांनी आवाज आणि शरीर यांची फारकत केली. अनंत माने दिग्दर्शित 'सांगत्ये ऐका' (१९५९) या चित्रपटाला अभूतपूर्व यश मिळाले. पडद्यावर नाचणारी एक आणि गाणारी दुसरी, ही व्यवस्था मध्यमवर्गाला सोयीची होती. लावणी घरात आली, परंतु लावणीवाली उंबऱ्याबाहेरच राहिली. सुलोचना चव्हाण (१९३३-२०२२) यांनी डोक्यावर पदर घेऊन, स्थिर उभे राहून लावणी गायली. केवळ आवाजाच्या फेकीतून ठसका निर्माण करण्याचे त्यांचे सामर्थ्य असाधारण होते आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ती सर्वथा योग्यच होती. येथे प्रश्न त्यांच्या कलेचा नसून आपल्या अभिरुचीचा आहे. डोक्यावरील पदर हा आपल्या स्वीकाराची अट का बनावा?

कथानकांचा विचार करता व्ही. शांताराम यांच्या 'पिंजरा' (१९७२) मध्ये तमाशातील स्त्री ही आदर्श शिक्षकाच्या अधःपाताचे निमित्त ठरते. नीती गावाकडे आणि मोह फडाकडे, अशी ही वाटणी होती. त्याच वर्षी रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'ने मात्र अभंग आणि लावणी एकाच ओघात आणून ही वाटणी खोटी ठरवली. सत्ताधाऱ्यांची भक्ती आणि त्यांचा विलास एकाच वाड्यात नांदतात, हे त्या नाटकाने लावणीच्याच साहाय्याने दाखवले. लावणीकडे इतिहासाचा पुरावा म्हणून पाहण्याचे हे मराठीतील एक महत्त्वाचे उदाहरण होय.

५. सन्मान आणि वास्तव

तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर यांचे २००२ मध्ये निधन झाले. प्रयोग सुरू असताना बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिकत आपण कौतुकाने सांगतो. तिच्याकडे कलानिष्ठेचा आदर्श म्हणून पाहताना, बाळंतिणीलाही विश्रांती न देणारा व्यवसाय आणि थांबायला तयार नसलेला प्रेक्षक आपल्या नजरेतून सुटतो. २००६ पासून त्यांच्या नावाने राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. यमुनाबाई वाईकर यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी वयाची नव्वदी केव्हाच ओलांडली होती. सन्मान होतात, ही समाधानाची बाब आहे. परंतु त्यांच्या अदांची नोंद, त्यांच्या चालींचे स्वरलेखन आणि त्यांच्या शिकवण्याच्या पद्धतीचे दस्तऐवजीकरण त्या मानाने किती झाले, असा प्रश्न विद्यापीठीय अभ्यासकांनी स्वतःला विचारला पाहिजे. भूषण कोरगावकर यांच्या 'संगीत बारी'सारख्या लेखनाने कलावंतांशी दीर्घ संवाद साधून ही वाट दाखवली आहे. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीने प्रयोगकलेला विद्यापीठाच्या आवारात आणले. हे प्रयत्न भाषा विभागांपर्यंत मात्र पुरेसे पोहोचलेले नाहीत.

दरम्यान परिस्थिती झपाट्याने बदलत आहे. २०२० व २०२१ या दोन वर्षांत साथीमुळे यात्रा रद्द झाल्या आणि फडांचे सलग दोन हंगाम बुडाले. ध्वनिवर्धकावरील तयार गाण्यांवर होणाऱ्या नृत्याला 'लावणी' हे नाव सर्रास दिले जाते आणि त्यावरून अश्लीलतेचा जुना वाद पुन्हा पेटतो. या वादात बैठकीची लावणी जाणणाऱ्या वृद्ध कलावंतांचे मत क्वचितच विचारले जाते. लावणी म्हणजे काय, हे ठरवण्याचा अधिकार आजही त्यांच्याकडे नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतील.

१) लावणीच्या रचनाकारांत जातींचे वैविध्य असले तरी सादरीकरणाचा भार आणि त्याची अप्रतिष्ठा ठरावीक समाजांतील स्त्रियांवरच टाकली गेली. 'सर्व समाजाची कला' हे विधान या भेदाची नोंद घेऊनच करावे लागेल.

२) संहिताकेंद्री समीक्षा आणि शासकीय संहिता-तपासणी या दोहोंमागे एकच गृहीतक आहे. लावणीचा अर्थ मात्र अदा, स्वर, पुनरावृत्ती आणि समोरचा प्रेक्षक यांतून घडतो.

३) शोषणाची चिकित्सा आणि कलेची चिकित्सा परस्परविरोधी नाहीत. एकीच्या नावाखाली दुसरी टाळल्यास कलावंत स्त्रीवर दुहेरी अन्याय होतो.

४) शाहिरी वाङ्मयाच्या अध्यापनात श्राव्य व दृश्य सामग्रीचा आणि शक्य तेथे प्रत्यक्ष कलावंतांचा सहभाग असावा. त्यांना 'कार्यक्रम' करण्यासाठी न बोलावता शिकवण्यासाठी बोलवावे आणि अतिथी अध्यापकाचे मानधन त्यांनाही द्यावे.

शेवटची सूचना व्यवहाराची आहे, तशीच ती समीक्षेचीही आहे. ज्ञान कोणाकडे आहे, हे आपण कोणाला खुर्ची देतो यावरून ठरते. ज्या ओळीचे चार अर्थ वर्गात एका विद्यार्थिनीला ठाऊक होते आणि अध्यापकाला नव्हते, ती ओळ पुन्हा शिकवताना निदान आपल्या अज्ञानाची नोंद फळ्यावर करणे, ही त्या दिशेने जाणारी पहिली पायरी ठरेल.